आधी शाळा की आधी मंडळी?

मराठी ख्रिस्ती मंडळीची पायाभरणी : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत येऊन पोहोचले तिथवर आलो होतो. कलकत्त्यातून त्यांना ईस्ट इंडिया कंपनीने हुसकावले होते. अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात तेव्हा युद्ध पेटलेले, त्यामुळे मुंबईतही त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले आणि त्यांना जहाजावर चढवून इंग्लंडला पाठवण्याचा हुकूम निघाला. हॉल यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे कळकळीचा अर्ज केला. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीच्या सनदेत मिशनऱ्यांना वाट करून देणारा बदल केला आणि वर्षअखेरीस दोघांना राहण्याची मुभा मिळाली. अमेरिकन मराठी मिशनचा जन्म हा असा झाला.

राहण्याची परवानगी मिळाली, आता काम कुठून सुरू करायचे? परक्या मुलखात मंडळी उभारायला निघालेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. उपदेशापासून सुरुवात करावी, की मुलांना शिकवण्यापासून? या मिशनने त्याची एकामागून एक तीन उत्तरे दिली. आजचा लेखांक त्या तीन उत्तरांचा आहे.

पहिले उत्तर : शाळा

हॉल मराठी शिकले आणि मुंबईच्या रस्त्यांवर, बाजारांत, देवळांच्या आवारांत बोलू लागले. लोक जमत, वाद घालत आणि निघून जात. साहेब मराठी बोलतो याचे कुतूहल होते, पण त्याचे ऐकून बाप-आजाचा धर्म सोडणारा कोणी नव्हता. जात म्हणजे भाकरी, लग्न, शेजार आणि मरणानंतरचे खांदेकरी. ते सगळे एका प्रवचनासाठी कोण सोडणार?

१८१५ मध्ये मिशनने मुंबईत मुलांची शाळा उघडली आणि मग एकामागून एक शाळा निघत गेल्या. मिशनकडे स्वतःचे शिक्षक नव्हते, म्हणून गावठी शाळा चालवणारे पंतोजीच पगारावर नेमले गेले. त्यांतले बरेचसे ब्राह्मण होते. वाचन, लेखन आणि हिशेब हे जुने विषय तसेच राहिले. त्यांच्या जोडीला दहा आज्ञा आणि प्रश्नोत्तरी आली. मिशनरी फेरी मारून मुलांची परीक्षा घेत. ज्या धर्मावर स्वतःचा विश्वास नाही त्याचे धडे पंतोजी घोकून घेत होते, ही विसंगती मिशनऱ्यांना दिसत होती. पण दुसरा मार्ग नव्हता. आईबाप मुलांना पाठवत ते अक्षरासाठी आणि हिशेबासाठी. मिशनने ते ओळखले आणि स्वीकारले. लवकरच मिशनने छापखानाही उभारला, कारण मराठीत छापलेली पुस्तके दुर्मीळ होती.

या शाळांतून ख्रिस्ती किती झाले हे मोजले, तर उत्तर निराशेचे येते. हॉल तेरा वर्षे राबले. मार्च १८२६ मध्ये ते नाशिक-त्र्यंबक भागात गेले तेव्हा तिकडे पटकी पसरली होती. जवळची औषधे त्यांनी आजाऱ्यांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर २० मार्च रोजी स्वतः पटकीने गेले. वय ४१. त्याच वर्षी मिशनचा मराठी नवा करार पूर्ण झाला. मागे उभी राहिलेली मंडळी मूठभर होती. मात्र वाचता येणाऱ्या मुलांची एक पिढी तयार होऊ लागली होती.

मुलींचा प्रश्न त्याहून कठीण होता. मुलाला नोकरी मिळेल, मुलीला शिकून काय मिळणार? शिवाय लहानपणीच लग्न. तरी १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली आणि १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार मुंबईत आल्या. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाने समुद्रापलीकडे शिक्षिका म्हणून पाठवलेल्या अगदी पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरो गावची ही बाई १८३९ मध्ये अहमदनगरला गेली, मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली.

नगरची मंडळी

मिशनने १८३१ च्या डिसेंबरात नगरला ठाणे केले. अ‍ॅलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वी या मिशनऱ्यांबरोबर ख्रिस्ती झालेले बाबाजी हे ब्राह्मण गृहस्थ होते. हवा कोरडी, जवळ लष्करी छावणी आणि चारही दिशांना खेडी. पण रोगाने इथेही गाठले. हर्वी १८३२ मध्ये आणि बाबाजी त्याच्या पुढच्या वर्षी पटकीने गेले. तरीही १८३३ मध्ये नगरची मंडळी स्थापन झाली. सुरुवातीच्या सभासदांत निराधार आणि अपंग माणसे होती. ज्यांना गावाने बाहेर ठेवले होते ते मंडळीत आत आले. पुढे १८३९ च्या सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या ब्राह्मण तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहर हादरले. मग आसपासच्या खेड्यांतून महार कुटुंबे येऊ लागली.

इथे मंडळीची खरी कसोटी लागली. ब्राह्मण आणि महार एकाच बाकावर बसणार का? प्रभुभोजनाचा प्याला एकच असणार का? नगरच्या मंडळीने जात बाहेर ठेवण्याचा नियम केला आणि तो पाळण्यासाठी झगडली. हा झगडा एका पिढीत संपला नाही. पण दगडमातीच्या चर्चपेक्षा मंडळीची उभारणी मी याला म्हणतो.

१८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. हेन्री बॅलंटाइन त्याचे पहिले संपादक. शाळेत शिकलेल्यांना वाचायला काहीतरी हवे होते, ते आता मिळाले.

या शाळांचा प्रकाश मंडळीच्या भिंतींबाहेर किती दूर गेला ते इथे सांगितलेच पाहिजे. जोतीराव फुले यांनी नगरला फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि पुण्यात १८४८ मध्ये स्वतः मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण नगरला फरारबाईंकडे घेतल्याचे चरित्रकार सांगतात. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, सावित्रीबाईही नाहीत. बाप्तिस्म्याच्या वहीत या यशाची नोंद कुठेच नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र ती ठळक आहे.

दुसरे उत्तर : मंडळी

१८५४ मध्ये बोस्टनहून बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले. त्यांचे मत पक्के होते. मिशनरी पाहुणा आहे. त्याने मंडळी स्थापावी, स्थानिक पाळक नेमावा आणि पुढच्या गावी जावे. मंडळीने आपला कारभार आपण चालवावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसार आपण करावा. इंग्रजी शाळांवर पैसा घालणे म्हणजे सरकारी कारकून तयार करणे, असे ते मानत. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना याच सुमारास पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच दौऱ्यानंतर मिशनने इंग्रजी शाळा बंद केल्या आणि बळ मराठी शाळा व खेड्यांतल्या मंडळ्यांकडे वळवले.

अँडरसन यांची अर्धी गोष्ट बरोबर होती आणि ती अर्धी फार मोलाची आहे. पाळक मराठी झाला तेव्हा उपासनाही मराठी होऊ लागली. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टाळ, मृदंग आणि आख्यान यांतून येशूची कथा खेड्यांत गेली. हॉल यांच्या भाषणांना जे जमले नव्हते ते या कीर्तनांनी केले. परक्या माणसाच्या हातून हे होण्यासारखे नव्हते.

पण उरलेली अर्धी गोष्ट चुकली. गावकुसाबाहेरून आलेल्या कुटुंबाला स्वतःचा खर्च स्वतः करायला सांगायचे आणि त्याच वेळी कमाईचे दार उघडणारे इंग्रजी शिक्षण थांबवायचे, हे कसे जुळावे? ज्याच्या हाती शेत नाही, गावात ज्याला सावलीचाही विटाळ आहे, त्याने मंडळीला दशमांश कुठून द्यावा? अँडरसन यांना इंग्रजी शाळेतून निघणारा कारकून दिसला. त्याच शाळेतून शिक्षक, पाळक, परिचारिका आणि डॉक्टरही निघणार होते, हे त्यांनी पाहिले नाही. बोस्टनमध्ये नीट जुळवलेले तत्त्व नगरच्या महारवाड्यात तसेच्या तसे लागू पडत नव्हते.

तिसरे उत्तर : दोन्ही, आणि मग हात सोडणे

पुढच्या पिढीतल्या मिशनऱ्यांनी दोन्ही धागे पुन्हा एकत्र आणले. एडवर्ड ह्यूम यांनी १८७७ मध्ये मुंबईत भायखळ्याला शाळा सुरू केली. ती आजही ह्यूम हायस्कूल या नावाने चालते. त्यांचे भाऊ रॉबर्ट ह्यूम यांनी नगरला पाळक घडवणारी सेमिनरी सुरू केली. दुष्काळांत अनाथ झालेल्या मुलांसाठी वसतिगृहे आणि हाताचे काम शिकवणारे वर्ग आले. शाळा मंडळीसाठी माणसे घडवू लागली, मंडळी शाळांना शिक्षक देऊ लागली.

याच सेमिनरीत कवी नारायण वामन टिळक शिकवत. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्याने परक्या पगारावर राहू नये, ख्रिस्ती जीवन या मातीच्या पद्धतीने जगावे, हा त्यामागचा आग्रह. अँडरसन यांनी कागदावर मांडलेले स्वावलंबन एका मराठी कवीने स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन आचरणात आणले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९४७ मध्ये, भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती माणसाने अहमदनगर कॉलेजची स्थापना केली आणि त्याचे दरवाजे सर्व धर्मांच्या, सर्व जातींच्या मुलांना उघडे ठेवले. शिकायला आलेल्यांतूनच शिकवणारा उभा राहिला होता.

आज आपल्या मंडळ्यांतूनही तरुण शिक्षक आणि सेवक दूरच्या राज्यांत आणि परदेशांत जातात. त्यांना या सव्वाशेहून अधिक वर्षांतून मी तीन गोष्टी सुचवतो. लोकांना आधी काय हवे आहे ते विचारा. मुंबईच्या आईबापांना हिशेब हवा होता आणि तो शिकवणे हलके काम नव्हते. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही त्यांच्यातही आपल्या कामाचे फळ शोधा. फरारबाईंचे सर्वांत मोठे फळ तिथेच लागले. आणि पहिल्या दिवसापासून आपली जागा घेणारा माणूस तयार करा, पण त्याच्या हाती कारभार देताना शिक्षणाची शिदोरी काढून घेऊ नका. शाळा आणि मंडळी यांत निवड करायला लावणारे धोरण या मिशनमध्ये टिकले नाही आणि ते कुठेही टिकू नये.

(पुढील लेखांकात : ख्रिस्ती कीर्तन आणि टिळकांचे अभंग)