परदेशात पासिंग देण्याआधी

रात्री साडेदहाला टोरोंटोहून भाचीचा फोन आला. "मामा, इथे एका मालिकेत लग्नाचा प्रसंग आहे. साडी नेसता येणाऱ्या मुली हव्यात. जाऊ का? मैत्रीण म्हणते, हौसेचं काम आहे, त्याला व्हिसाबिसा कोण विचारतो!"

तिने मला विचारलं, कारण तरुणपणी दोन वर्षं मी अंजूरहून निघून, भिवंडी रोडला गाडी पकडून, वसईमार्गे गोरेगावच्या चित्रनगरीत ज्युनिअर आर्टिस्टचं काम करायला जात असे. नायक-नायिका बोलत असतात तेव्हा त्यांच्या मागून भाजीची पिशवी घेऊन कोणीतरी जातं ना, त्याला सेटवर ‘पासिंग देणं’ म्हणतात. ती पिशवी मी पुष्कळदा वाहिली आहे. म्हणून मैत्रिणीचं ते वाक्य ऐकून मला काळजी वाटली.

हौस असली तरी ते काम आहे, आणि बहुतेक देशांचा कायदा त्याकडे काम म्हणूनच पाहतो. एकच दिवस जायचं असलं, मोबदला रोख मिळाला, पडद्यावर नुसती पाठ दिसली, तरी त्यात फरक पडत नाही. कॅनडात पूर्णवेळ शिकणाऱ्या आणि तशी परवानगी असलेल्या विद्यार्थ्याला नोव्हेंबर २०२४ पासून सत्र चालू असताना आठवड्याला २४ तास कॉलेजबाहेर काम करता येतं. चित्रीकरणाचा दिवस सहज बारा तासांचा होतो, म्हणजे आठवड्याचा निम्मा हिशेब एका लग्नात संपला. ब्रिटनमध्ये पदवी शिकणाऱ्यांना सत्रात साधारण २० तास मिळतात खरे, पण विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार आणि मनोरंजन कलाकाराचं काम दोन्ही बंद आहेत. एक्स्ट्राला, म्हणजे ज्युनिअर आर्टिस्टला, तिथे बऱ्याचदा स्वयंरोजगारी समजतात, त्यामुळे ‘माझे तास शिल्लक आहेत’ एवढ्याने भागत नाही. अमेरिकेत एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला परवानगीशिवाय कॉलेजबाहेर काम करताच येत नाही. एच-१बीवर नोकरी करणाऱ्याला अर्ज करणाऱ्या कंपनीपुरतंच काम करता येतं, रविवारच्या चित्रीकरणालाही तोच नियम लागतो. पर्यटक म्हणून गेलेल्या आईवडिलांनी तर या फंदात पडूच नये.

‘पैसे नाही घेतले तर चालेल’ हाही तसलाच समज. ज्या कामाला एरवी मजुरी देतात ते फुकट केलं तरी काम ठरू शकतं. एका दिवसाच्या मजुरीपायी पोरांची डिग्री आणि पुढचा व्हिसा धोक्यात येऊ नये, एवढ्यासाठीच हे इतकं लांबवलं.

दुसरा समज नाव नोंदवण्याच्या पैशांचा. ‘आधी फी भरा, आमच्याकडूनच फोटो काढा, मग काम देतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठावं. माझ्या वेळी ज्युनिअर आर्टिस्ट पुरवणाऱ्या एका सप्लायरने अशीच नोंदणीची रक्कम घेतली होती, काम मात्र कधीच आलं नाही. हे दुखणं जुनं आहे. हॉलिवूडमध्ये एक्स्ट्रांकडून फी उकळणाऱ्या एजन्स्यांना आळा घालायला खुद्द निर्मात्यांनी १९२५ साली ‘सेंट्रल कास्टिंग’ काढलं. तिथे आजही नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

काम सोपं असतं म्हणतात, ते अर्धंच खरं. शरीराला कष्ट फार नसतात, ताटकळणं असतं. पहाटे बोलावतात, दुपारी पहिला शॉट होतो. बोलायचं ते नुसते ओठ हलवून, कारण मागचा गलबला नंतर भरतात. उद्याच्या प्रसंगाला आजचीच साडी, आजचाच अंबाडा, हातात तोच पेला लागतो. आणि एवढं करून आपण दिसूच याची खात्री नाही. ‘गांधी’ चित्रपटातल्या अंत्ययात्रेसाठी ३१ जानेवारी १९८१ ला दिल्लीत तीन लाखांहून जास्त माणसं जमली होती. अकरा तुकड्यांनी चित्रीकरण केलं, आणि चित्रपटात तो प्रसंग उरला सुमारे दोन मिनिटं. तरीही त्या गर्दीशिवाय तो प्रसंग उभाच राहिला नसता. गर्दीतल्या माणसाला फालतू समजणाऱ्यांशी मी आजही भांडतो.

हेच नियम उलट्या बाजूनेही लागतात. कुलाबा कॉजवेवर फिरणाऱ्या गोऱ्या पर्यटकांना कोऑर्डिनेटर गाठतात आणि हिंदी चित्रपटातल्या पार्टीत उभं करतात. ‘परदेशी माणसाला आपल्याकडे कोण अडवणार’ असं अनेकांना वाटतं. पण पर्यटक व्हिसावर भारतातही मोबदल्याचं काम करता येत नाही. चित्रपटासाठी वेगळा व्हिसा असतो. आमच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी वसईच्या मोहिमेत मोठी कामगिरी केली. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या त्या वसईवर उद्या चित्रपट निघालाच, तर त्यातल्या पोर्तुगीज शिपायांचे कागदही नीट असावेत.

भाचीने परमिटवरच्या अटी मला वाचून दाखवल्या. ग्रंथालयात ती आठवड्याला अठरा तास काम करते. ते ग्रंथालय कॉलेजबाहेरचं, म्हणून उरले सहा. या वेळी तिने मालिकावाल्यांना ‘नाही’ असं कळवलं. डिसेंबरच्या ठरलेल्या सुट्टीत पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तासांची मर्यादा नसते, तेव्हा पुन्हा विचारा म्हणाली. त्यांची सूचना लगेच आली: साडी स्वतःची आणा, पांढरी, भडक लाल किंवा बारीक पट्ट्यांची नको. तिच्या आईची मोरपिशी नारायणपेठ पाठवायची आहे, तेवढं पार्सल मी या आठवड्यात करतो.