मोबाइलचे रेडिएशन : भीती किती, खबरदारी किती?

आपल्या बहुतेक घरांत रात्री मोबाइल उशीखाली असतो. हेतू चांगला असतो; फजरला जाग यावी. सकाळी त्याच मोबाइलवर संदेश येतो, 'टॉवरमुळे कॅन्सर होतो, मोहल्ल्यातला टॉवर हटवा!' आणि आपण तो चार ग्रुपवर पुढे पाठवून मोकळे होतो. बातमी आली की आधी शहानिशा करा, ही सूरह हुजुरातमधील शिकवण इथेही लागू आहे.

'रेडिएशन' म्हटले की आपल्याला क्ष-किरण आठवतात. मोबाइलच्या लहरी त्या जातीच्या नाहीत. त्या रेडिओ लहरी आहेत; पेशीतील डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. फोन कानाशी असताना तिथल्या ऊतींना त्या थोडी उष्णता देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात ठेवले. याचा अर्थ, शंका आहे, पण पुरावा तोकडा आहे. पुढे २०२४ मध्ये याच संघटनेसाठी ६३ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. त्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

कायदा काय म्हणतो?

शरीर या लहरींची किती ऊर्जा शोषते, ते 'एसएआर' या आकड्याने मोजतात. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात ही मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे; एक ग्रॅम ऊतीवरील सरासरी धरून. अमेरिकेतही हीच मर्यादा आहे. आपल्या फोनचा आकडा पाहायचा असेल तर स्टार, हॅश, ०, ७, हॅश दाबा. बहुतेक फोनवर तो दिसतो. टॉवरसाठी सरकारने त्याच दिवसापासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या 'तरंग संचार' पोर्टलवर आपल्या भागातील टॉवरची माहिती मिळते आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते.

नियम कागदावरच राहतात असे नाही. फ्रान्सने २०२३ मध्ये आयफोन १२ ची विक्री थांबवली. हातापायांसाठी मर्यादा ४ वॅट, तर मोजणीत ५.७४ वॅट भरले होते. कंपनीला सॉफ्टवेअर सुधारून द्यावे लागले.

टॉवर दूर गेला तर?

इथेच आपली गल्लत होते. रेंज चांगली असेल तर फोन हळू 'बोलतो'. कमी असेल तर टॉवरपर्यंत पोहोचायला जोर लावतो. कोकणातल्या जाड भिंतींच्या माजघरात, रेंजची एकच काडी असताना, कुवेतला असलेल्या मुलाशी फोन कानाला लावून तासभर बोलणाऱ्या आईला दूरच्या टॉवरपेक्षा हातातल्या फोनच्याच लहरी अधिक मिळतात. मोहल्ल्यातला टॉवर हटला तर तिचा फोन आणखी जोर लावेल.

म्हणून घाबरू नका, सवयी बदला. लांब बोलणे स्पीकरवर किंवा इअरफोनवर करा. रेंज नसेल तर अंगणात या. मुलांच्या हाती फोन गरजेपुरताच द्या. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी फोन किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा.

आणि फजरचा अलार्म? फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. बंद करायला उठावेच लागेल, मग वुजूही होईल. शरीर अल्लाहची अमानत आहे. तिची काळजी अफवांनी नव्हे, माहितीने घ्यायची असते.