दुर्बिणीतून गुरू सारखा निसटतोय? आधी स्टँड ध्रुवाला लावा!

देवणी : घरात किंवा शाळेत दुर्बीण आणली, दोन दिवस चंद्र पाहिला आणि मग ती कोपऱ्यात धूळ खात पडली, असं बऱ्याचदा होतं. कारण गुरू-शनी पकडले तरी दोन-तीन मिनिटांत नजरेआड जातात. दोष दुर्बिणीचा नसतो. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकतं.

खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरावेत, तसे तारे ध्रुवाभोवती फिरताना दिसतात. वजन लावलेल्या तिरक्या स्टँडचा, म्हणजे 'इक्वेटोरियल माउंट'चा मुख्य आस ध्रुवाकडे वळवला की एकच बटण फिरवून ग्रह धरून ठेवता येतो.

दिवसा काय करायचं?

१) अंगणात सपाट, टणक जागा बघा. उत्तरेला झाड किंवा माडी नको. तिपाई समपातळीत ठेवा.

२) माउंटवरचा अक्षांशाचा काटा १८ वर आणून पेच आवळा. देवणीचा अक्षांश साधारण १८ अंश, म्हणून ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो.

३) वजन दांडीवर मागे-पुढे सरकवा. हात सोडला तरी नळी जागेवर राहिली पाहिजे. नळी फिरवताना वजन तिपाईच्या पायाला अडकत नाही ना, तेही बघा.

४) लांबचा मोबाईल टॉवर दुर्बिणीत मधोमध आणा आणि वरच्या छोट्या फाइंडरमध्येही तोच मधोमध येईल असं जुळवा.

सावधान : दुर्बीण किंवा फाइंडर सूर्याकडे कधीच वळवू नका. क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. लेकरांना दिवसा एकटं सोडू नका.

रात्री काय करायचं?

मोबाईलच्या होकायंत्रानं उत्तर धरा. मोबाईल लोखंडी स्टँडपासून लांब ठेवा. सप्तर्षीतल्या पुलह ते क्रतू अंतराच्या पाचपट पुढे गेलं की ध्रुव सापडतो. तो फार तेजस्वी नाही, हे लक्षात ठेवा. सप्तर्षी नसतील तर इंग्रजी 'एम'सारखी शर्मिष्ठा शोधा.

डेक्लिनेशनचा काटा ९० वर ठेवा. आता नळी हलवायची नाही. अख्खा माउंट डावी-उजवीकडे आणि अक्षांशाच्या पेचानं वर-खाली करून ध्रुव फाइंडरमध्ये आणा. डोळ्यानं बघायला एवढी जुळणी पुरे.

यानंतर तिपाईला धक्का नको. दोन्ही क्लॅम्प सैल करून गुरूवर या, क्लॅम्प आवळा आणि आरएचं बटण हळूहळू फिरवा. सुरुवातीला २५ मिमीचाच आयपीस लावा. आता गल्लीतली दहा लेकरं रांगेत उभी राहिली तरी प्रत्येकाला गुरूचे चंद्र निवांत बघता येतील.

शहरवाल्यांना न मिळणारा अंधार आपल्या शिवारात फुकट आहे. दुर्बीण कोपऱ्यातून बाहेर काढा!