घर नसलेल्या कचेरीची कमाई

वाण्याकडून साबणाची वडी घेतली, तरी तिच्या किमतीतून सरकारचा कर आपण मुकाट्याने भरीत असतो. वाण्याशी घासाघीस करता येते; कराशी येत नाही. मग ज्यांच्या तिजोरीत अब्जावधींचा नफा पडतो, त्या बलाढ्य कंपन्या आपल्या नफ्यावरील कर कसा टाळतात? उदाहरणादाखल ॲपल या अमेरिकन कंपनीची आयर्लंडमधील हकीगत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ॲपलने १९८० साली आयर्लंडातील कॉर्क शहरी कारखाना काढला. त्या देशात नोंदलेली तिची एक उपकंपनी पुढे ॲपलचा माल विकत घेई व युरोपभर विकी. पॅरिसच्या दुकानात कोणी फोन घेतला, तरी कागदोपत्री तो आयरिश कंपनीनेच विकलेला असे. सबब नफाही आयर्लंडात जमा होई. येथवर ठीक.

परंतु आयर्लंडच्या कर-खात्याने १९९१ व २००७ साली मान्य केलेल्या व्यवस्थेनुसार या नफ्याचा बहुतेक भाग उपकंपनीच्या 'मुख्य कचेरी'च्या नावे टाकला जाई. ही कचेरी कोठे होती? कोठेच नव्हती. तिला ना इमारत, ना नोकरमाणूस. अधूनमधून संचालकांची सभा भरे, इतकेच. अमेरिकेचा कायदा म्हणे, ही कंपनी परदेशी नोंदलेली, सबब आमची नव्हे. आयर्लंडचा तेव्हाचा कायदा म्हणे, हिचा कारभार येथून चालत नाही, सबब ती आमचीही नव्हे. दोन गावांच्या शिवेवर घर बांधून दोन्हीकडची घरपट्टी चुकवावी, तसलाच हा प्रकार. येथे तर घरही नव्हते!

२०११ साली या उपकंपनीस सुमारे १६ अब्ज युरो नफा झाला. त्यांपैकी करास पात्र धरले गेले अवघे ५ कोटी युरो. २०१४ साली तर दहा लाखांच्या नफ्यामागे कर पडला ५० युरो. त्या देशात व्यापारी नफ्यावरील सर्वसाधारण कर शेकडा साडेबारा होता.

युरोपीय आयोगाने २०१६ साली ठरविले की, ही एकाच कंपनीला दिलेली बेकायदा सरकारी सवलत होय. आयर्लंडने १३ अब्ज युरो व त्यांवरील व्याज वसूल करावे. ॲपलने अपील केले, यात नवल नाही. नवल हे की, ज्याच्या खजिन्यात हा पैसा यावयाचा, त्या आयर्लंड सरकारनेही अपील केले! परदेशी कंपन्यांनी आणलेल्या नोकऱ्या ज्या देशाला हव्या असतात, त्याची ही अडचण आम्हांस समजते; पण तिची किंमत कोणी मोजावयाची? आपण कायद्याबाहेर काही केले नाही, असे ॲपलचे म्हणणे होते, आणि २०२० साली खालच्या न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्दही केला. अखेर १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने तो कायम केला.

आठ वर्षे नको नको म्हटलेला तो पैसा घरे, पाणी, वीज व वाहतूक यांसाठी लावण्याचा मनोदय आयर्लंड सरकारने त्याच वर्षी जाहीर केला.