जुन्या गाडीला नव्या सालाचं चाक बसतं का?

मॉडेल तेच, फक्त साल वेगळं. मग त्या गाडीचं चाक या गाडीला का बसू नये? नगरच्या गॅरेजांत हा प्रश्न हमखास निघतो. एक्सलची जाडी जुळली की चाक बसतंही. खरी गोम डिस्कमध्ये आहे. २४०च्या जागी २६० मिलिमीटरची डिस्क आली, तर तिचा काठ १० मिलिमीटर बाहेर सरकतो आणि कॅलिपरला अडतो.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या मोटरसायकलींना एबीएस सक्तीचं झालं. अशा चाकाच्या डिस्कजवळ वाकून पाहा: खाचा पाडलेली एक पातळ कडी दिसेल. शेजारचा सेन्सर त्या खाचा मोजून चाकाचा वेग ओळखतो. कडी नसलेलं जुनं चाक घातलं, की मीटरवरचा एबीएसचा दिवा जळतच राहतो आणि एबीएस काम करत नाही. खाचांची संख्या वेगळी असेल तर वेगच चुकीचा मोजला जातो. मला तर हे जास्त धोक्याचं वाटतं.

वाहनांची मान्यतेसाठी चाचणी घेणारी व्हीआरडीई ही संस्था आपल्याच जिल्ह्यात आहे. मान्यता मिळते ती मूळ जोडणीला, गॅरेजातल्या जुगाडाला नाही. जुनी डिस्क घेताना तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचा. त्याहून झिजलेली डिस्क घालून करंजी घाट उतरू नका.