मुक्कामाची जागा : शोधायची, बनवायची नाही

आजचा विषय साधा वाटतो. डोंगरात एक रात्र काढायची तर तंबू कुठे लावायचा, कसा लावायचा आणि सकाळी ती जागा कशी सोडायची. पण सुरुवात आमच्या एका चुकीपासून करतो, कारण हा विषय आम्ही शिकलो तो तिथेच.

ऑक्टोबर महिना होता. आम्ही पाच जण सह्याद्रीतल्या एका घाटाच्या पायथ्याशी उतरलो तेव्हा अंधार पडायला आला होता. पाय थकलेले. समोर ओढ्याचं कोरडं पात्र, त्यात मऊ वाळूचा सपाट पट्टा, दोन्ही बाजूंना उंच काठ, त्यामुळे वाराही नाही. आम्हाला वाटलं, याच्याहून चांगली गादी कुठे मिळणार? तंबू लावत होतो, तेवढ्यात गुरं घेऊन घराकडे निघालेले एक मामा थांबले. म्हणाले, "पोरांनो, ही वाळू हितं कुनी आनून टाकली?" आम्ही हसलो. ते पुढे गेले.

त्यांचा प्रश्न आम्हाला रात्री दीड वाजता कळला. आमच्या डोक्यावर चांदणं होतं, पण वर डोंगरात पाऊस झाला होता. आधी दगड घरंगळल्यासारखा आवाज आला, मग पाणी. माणसं वाचली, एवढंच म्हणतो. एक तंबू, भांडी, दोन पाठपिशव्या गेल्या. दुसऱ्या दिवशी खाली अर्धा किलोमीटर ओढ्याच्या कडेने आम्ही आमच्याच प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मसाल्याची पाकिटं गोळा करत फिरलो. जिथे गावची गुरं पाणी पितात, तिथे आमचा कचरा अडकला होता.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली आणि आजच्या व्याख्यानाचं सूत्र तेच आहे. आपली सुरक्षितता आणि त्या जागेची सुरक्षितता हे दोन वेगळे धडे नाहीत. बहुतेक वेळा जी जागा आपल्याला धोक्याची, तिथे आपणही त्या जागेला धोक्याचे असतो. आणि या दोन्हींचा निकाल तंबू उघडण्याच्या आधीच लागलेला असतो, जागा निवडताना.

म्हणून पहिला नियम वेळेचा. सूर्य मावळायच्या निदान दोन तास आधी मुक्कामावर पोहोचा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणजे चारला पोहोचायला हवं. अंधारात माणूस जागा शोधत नाही, मिळेल ती घेतो. आणि मिळेल ती जागा मग झोपण्यालायक 'बनवायला' लागतो. गवत उपट, झुडूप तोड, दगड हलव, चर खण. चांगली जागा बनवावी लागत नाही, ती सापडते.

पोहोचल्यावर पाठपिशव्या खाली ठेवा, पण काही उघडू नका. दहा मिनिटं नुसतं फिरा आणि तीन दिशांना बघा.

आधी वर. डोक्यावर वाळलेली फांदी आहे का? कड्यावरून ताजे दगड पडल्याच्या खुणा आहेत का? कपारीत किंवा मोठ्या झाडावर आग्या मोहोळ लोंबतंय का? असेल तर तिथे थांबायचंच नाही. धूर, अत्तराचा वास, गोंगाट, कशानेही ते उठू शकतं.

मग खाली. जमिनीला किंचित उतार हवा, म्हणजे पाणी साचत नाही आणि तंबूभोवती चर खणायची गरज राहत नाही. अगदी खोलगट तळही नको. थंड हवा जड असते, ती रात्री उतरून खळग्यात साठते. थोडं वर सरकलात तर पहाट बरीच सुसह्य होते. आणि जमिनीवर वाळू, गोटे, झुडपांत अडकलेला काडीकचरा दिसला, तर मामांचा प्रश्न आठवा : हे इथे कुणी आणून टाकलं?

मग भोवती. पाणी जवळ हवं, पण पाण्याला खेटून नको. पाणवठ्यापासून ७०-८० पावलं, म्हणजे साधारण ६० मीटर लांब राहायचं. रात्री जनावरं पाण्यावर येतात. आपण वाटेत बसलो तर त्यांना पाणी मिळत नाही, आणि आपली गाठ नको त्याच्याशी पडते. पुन्हा तेच : त्यांचं भलं आणि आपलं भलं एकच.

पठारावर असाल तर कड्याच्या काठापासून लांब. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सूर्यास्त बघायला कोणालाही आवडेल, पण रात्री लघवीला उठलेला माणूस अर्धवट झोपेत असतो, हे विसरू नका. एप्रिल-मे आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारनंतर विजा होतात. तेव्हा माथा, धार आणि एकटं उंच झाड टाळायचं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. खाली उतरायला लागा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी वर जाऊ नका. तंबू विजेपासून वाचवत नाही. उथळ कपारीत भिंतीला टेकून बसणंही धोक्याचंच.

आता तंबू नेमका कशावर लावायचा? कातळ, मुरूम, वाळलेलं तुडवलेलं गवत, हे चालतं. ओलं कोवळं गवत, शेवाळ, पठारावरची फुलं नको. आपल्या सड्यांवर मातीचा थर कुठे कुठे बोटभरच असतो. त्यावरची वनस्पती पावसाळ्याच्या चार महिन्यांत उगवते, फुलते आणि बी टाकते. तिच्यावर एक रात्र पन्नास माणसं झोपली, तर तिचं ते वर्ष संपलं.

इथे दोन नियम एकमेकांच्या उलट वाटतात, म्हणून फोड करून सांगतो. जिथे लोक नेहमी राहतात, तिथे आधीच उघड्या पडलेल्या जागेवरच तंबू लावा, नवी जागा काढू नका. पण जिथे कोणीच राहत नाही, तिथे विखुरून लावा, एकच वाट तुडवू नका आणि दुसऱ्या रात्री जागा बदला. कारण एकच. मेलेली जागा आणखी मरत नाही, पण जिवंत जागेला थोडाच मार सोसतो.

दगडांबद्दल. कातळावर खुंटी ठोकता येत नाही, मग आपण दोऱ्या दगडांना बांधतो. चालेल, पण किल्ल्याच्या तटाचा, जोत्याचा दगड कधीही काढू नका. सुटा दगड घेतलात तर काठीने हलवून घ्या, कारण सपाट दगडाखाली विंचू आणि फुरसं असू शकतं. सकाळी जिथून घेतला तिथे, त्याच बाजूने परत ठेवा. उन्हाळ्यात उघड्या माळावर पाय जपून टाका. टिटवी जमिनीवरच अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असेल, तर ती तुम्हाला 'जागा बदला' म्हणतेय असं समजा.

शेकोटीचा विषय निघाला की लोक नाराज होतात. पण दिवाळीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळायला लागतं आणि फेब्रुवारीपासून अख्खा डोंगर काडेपेटी होतो. एक ठिणगी, थोडा वारा, की वणवा. वरून विझलेले दिसणारे निखारे राखेखाली रात्रभर जिवंत राहतात. हरिश्चंद्रगडासारखे काही किल्ले अभयारण्यात आहेत. अभयारण्याला धोका होईल अशी आग लावणं किंवा जळती सोडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ऊब हवी तर एक स्वेटर जास्त न्या. स्वयंपाक छोट्या गॅसवर, उघड्या कातळावर करा. आणि काही झालं तरी तंबूच्या आत स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

खरकट्याचंही गणित सरळ आहे. सांडलेल्या भातावर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. अन्न डब्यात बंद करा, तंबूत उघडं ठेवू नका. सकाळी बूट झटकून घाला. अनेक किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी आहेत. त्यातलं पाणी पुढचे आठ महिने वाटसरूंना आणि पाखरांना पुरायचं असतं. त्यात हात, ताटं, तोंड काहीही धुवायचं नाही. पाणी भांड्याने काढा, ७० पावलं लांब न्या, आणि साबण न वापरता राखेने किंवा मातीने भांडी घासा.

शौचालाही तेवढंच अंतर. वीतभर, म्हणजे १५-२० सेंटीमीटर खोल खड्डा. वरच्या मातीत जिवाणू जास्त, त्यामुळे कुजणं लवकर होतं. ओल्या पुसण्यांत बहुधा प्लॅस्टिकचे धागे असतात, सॅनिटरी पॅडमध्ये प्लॅस्टिक असतं. ते पुरायचं नाही, बंद पिशवीत परत आणायचं.

शेवटी एक प्रश्न आला होता, तो इथे घेतो.

प्रश्न : आम्ही चौघंच जातो. आमच्याने असा काय फरक पडणार?

चौघांनी खरंच फार फरक पडत नाही. पण शनिवारी रात्री डोंगरावरचा प्रत्येक गट हेच म्हणत असतो. डोंगराला चौघं दिसत नाहीत, त्याला वर्षाचे सगळे शनिवार एकत्र दिसतात. म्हणून आम्ही एक सोपी परीक्षा घेतो. निघताना वीस पावलं जाऊन मागे वळून बघतो. रात्री आपण नेमकं कुठे झोपलो होतो हे आपल्यालाच ओळखू येत असेल, तर काम अजून संपलेलं नाही. परत जायचं, दगड जागेवर ठेवायचे, दबलेलं गवत हाताने उभं करायचं, मग निघायचं.

आणि जाण्याआधी पायथ्याच्या गावात परवानगी विचारा, कुठे राहणार ते सांगून ठेवा. त्यांना ओढे, मोहोळं आणि वारा माहीत असतो. एखाद्या मामांनी वाळूबद्दल प्रश्न विचारला, तर आमच्यासारखं हसू नका.