नोकरीसाठी परिचयपत्र लिहिताना

आपल्या निवासी शाळेतून शिकून गेलेले विद्यार्थी आज कारखान्यांत, रुग्णालयांत, बँकांत आणि संगणक क्षेत्रात नोकरी शोधीत आहेत. त्यांतील अनेकांच्या घरात असा अर्ज लिहिणारी ही पहिलीच पिढी आहे. आईवडिलांकडून कष्टाची सवय मिळते, चिकाटी मिळते. परंतु परिचयपत्र कसे लिहावे हे सांगणारे घरात कोणी नसते. माजी विद्यार्थी आपले ‘बायोडाटा’ आम्हांस पाहावयास देतात, तेव्हा ही उणीव प्रकर्षाने जाणवते.

‘करिक्युलम व्हिटे’ म्हणजेच सीव्ही. या लॅटिन शब्दांचा अर्थ जीवनाचा क्रम असा होतो. आपल्याकडे मात्र या कागदाने लग्नाच्या बायोडाटाचे रूप धारण केले आहे. वडिलांचे नाव व व्यवसाय, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, छंद, आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असे प्रतिज्ञापत्र व सही. खासगी संस्थेकडे पाठवावयाच्या परिचयपत्रात यांपैकी कशाचीही आवश्यकता नसते. मागितले नसेल तर छायाचित्रही लावू नये.

यामागे जागा वाचविण्यापेक्षा मोठे कारण आहे. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक होता तो केवळ नावांचा. उच्चवर्णीय आडनावांच्या तुलनेत दलित आडनावांच्या अर्जांना पुढील फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता लक्षणीय कमी आढळली. मुस्लिम नावांची स्थिती त्याहूनही वाईट होती. हे वाचून कोणी आडनाव गाळण्याचा वा बदलण्याचा विचार करील. आमचे मत तसे नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि आधारकार्डावर जे नाव आहे तेच परिचयपत्रावर असावे, अन्यथा निवड झाल्यावर कागदपत्रांच्या पडताळणीत अडचण येते. नावाची लाज वाटण्याचे तर काहीच कारण नाही. मात्र ज्या माहितीचा कामाशी संबंध नाही, ती आपण होऊन पुरविण्याचेही कारण नाही.

शासकीय नोकरीचे नियम वेगळे आहेत. तेथे विहित नमुन्यातील अर्ज भरावा लागतो, आणि आरक्षणाचा लाभ घ्यावयाचा असेल तर जातीचा रकाना अचूक भरणे आवश्यकच असते. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींनाही केंद्रीय सवलती मिळू लागल्या, हे पालकांना ठाऊक आहेच. जात प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र यांची धारिका घरी वेगळी ठेवावी. खासगी कंपनीच्या अर्जाला ती जोडू नये.

आता मुख्य भागाकडे वळू. आमच्याकडे आलेल्या बहुतेक परिचयपत्रांत ‘मेहनती, प्रामाणिक, जबाबदारीची जाणीव असलेला’ असे शब्द आढळतात. वाचणारा अधिकारी त्यांवरून काहीच ठरवू शकत नाही, कारण प्रत्येक अर्जात तेच लिहिलेले असते. त्याला हवे असते ते केलेले काम. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने वसतिगृहाच्या भोजनगृहाचा हिशेब सांभाळला असेल, तर ‘ऐंशी विद्यार्थ्यांच्या भोजनगृहाच्या किराणा व भाजीपाल्याचा मासिक हिशेब दोन वर्षे ठेवला’ असे लिहावे. या एका वाक्यात प्रामाणिकपणाही येतो आणि जबाबदारीही. आयटीआयमधून टर्नर झालेल्याने कोणत्या लेथवर काम केले, मायक्रोमीटरने मोजमाप करता येते का, शिकाऊ उमेदवारी किती महिने केली, हे सांगावे. परिचारिकेने कोणत्या वॉर्डात, किती काळ काम केले ते लिहून परिचर्या परिषदेच्या नोंदणीचा उल्लेख करावा. ‘एमएस-सीआयटी उत्तीर्ण’ ही ओळ आता सर्वांकडेच असते. त्याऐवजी एक्सेलमध्ये हजेरीपत्रक वा साठ्याची नोंद तयार करता येते, असे लिहिलेले अधिक उपयोगी पडते.

येथे आमच्या मुलामुलींचा संकोच आड येतो. पहाटे उठून परिसर स्वच्छ करणे, धाकट्या विद्यार्थ्यांचा अभ्यास घेणे, जयंतीच्या कार्यक्रमाचे नियोजन करणे, सुट्टीत बांधकामावर वा दुकानात काम करणे, यांना ते अनुभव मानीतच नाहीत. ज्यांना घरच्या ओळखीने मोठ्या कार्यालयात प्रशिक्षण मिळाले ते मात्र आठवडाभराचे कामही ठळकपणे नोंदवितात. आपल्याकडील काम खरे असेल तर ते साध्या शब्दांत लिहावयास कचरू नये. नसलेले मात्र लिहू नये. अनेक कंपन्या पूर्वीच्या संस्थेकडे चौकशी करतात, आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला खोटेपणा उघडा पडतो.

शिक्षणात खंड पडला असेल तर तो लपविण्यासाठी तारखा गाळू नयेत. ‘2021-22 : वडिलांच्या आजारपणामुळे घरची शेती सांभाळली’ एवढी ओळ पुरेशी आहे.

रचनेविषयी थोडेच सांगावयाचे आहे. नवोदितास एक पान पुरते. वर नाव, भ्रमणध्वनी, ई-मेल, गाव व जिल्हा. त्याखाली काम, मग शिक्षण, मग कौशल्ये. सर्वांत अलीकडचे आधी. मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम संगणकप्रणाली चाळते, म्हणून रंगीत चौकटी, दुहेरी स्तंभ आणि चित्रे टाळावीत, आणि जाहिरातीत मागितलेले कौशल्य आपल्याकडे असल्यास त्याच शब्दांत नोंदवावे. एकच प्रत सर्वत्र पाठविण्याची सवय सोडावी. इंग्रजी मजकूर असेल तर शिक्षकांकडून वा माजी विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावा. सायबर कॅफेतील तयार नमुन्यात नुसते नाव बदलले, की दुसऱ्याचेच छंद आपल्या नावावर राहून जातात! फाइलला ‘नवीन बायोडाटा फायनल 2’ असे नाव न देता स्वतःचे पूर्ण नाव द्यावे.

संदर्भासाठी शिक्षकांचे नाव द्यावयाचे असल्यास आधी त्यांची परवानगी घ्यावी आणि कोणत्या नोकरीसाठी अर्ज केला आहे ते त्यांना कळवावे, म्हणजे फोन आल्यावर त्यांना आपल्याविषयी नेमके सांगता येते.